गोणपाटवाला कय्यूम

चिखलीच्या बसस्टँडसमोर मोबाईलची अकरा दुकानं आहेत. त्यातल्या दहा दुकानांत तुम्ही फोन मागितला की आधी चहा येतो आणि मग फोनचं गुणगान. अकरावं दुकान कय्यूमचं. तिथं चहा येत नाही, गुणगानही होत नाही. तिथं तुम्हाला विचारतात, पोरगं गेम कोणता खेळते? नाव सांगितलं की कय्यूम तो गेम त्या फोनवर उतरवतो, सुरू करतो, आणि दुकानापुढं दोन विटांवर टेकवलेल्या पत्र्यावर, भर उन्हात, अर्धा तास तो फोन चालवून बघतो. फोन तापला, अडकला, पडदा आपोआप मंद झाला की तो फोन परत कपाटात जातो. गिऱ्हाईक म्हणतं, राहू दे न, एवढं काय. कय्यूम म्हणतो, तुमचं पोरगं वावरात धुऱ्यावर बसून खेळनार हाय, एसीत नाही. हा नाही चालत.

दुकानावर पाटी होती: 'लावून पाहा, मग न्या.' बाजूच्या दुकानदारांनी तिच्यावर हसून घेतलं आणि त्याचं नाव गोणपाटवाला ठेवलं. ते नाव उगाच पडलं नव्हतं.

मोबाईलच्या आधी कय्यूम चिखलीतच एका कृषी केंद्रात गल्ल्यामागं उभा असायचा. बियाणं दाखवायचं, पोतं उचलून द्यायचं, आणि शेतकऱ्यानं विचारलं की 'चालंल' म्हणायचं, एवढं त्याचं काम. जुन्या लोकांची एक रीत होती. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, आठवड्यानं उघडायचं आणि किती उगवले ते मोजायचं. सोयाबीनला अजूनही काही लोक करतात. कपाशीला अळी लागू न देणारं बीटी बियाणं आलं, चकचकीत पाकिटं आली, आणि गोणपाट कोपऱ्यात गेलं. पाकिटावर एवढा सुंदर फोटो असताना ओलं गोणपाट कोण उघडून बघणार?

बीटीच्या पाकिटाबरोबर साध्या कपाशीची एक छोटी पुडी येत असे. ती शेताच्या कडेनं चारी बाजूंनी लावायची. अळीला तिथं साधं खाणं मिळालं म्हणजे ती बीटीला इतक्या लवकर सरावत नाही, असा त्यातला हिशेब. पण कडेच्या चार ओळी कुणाला वाया घालवायच्या होत्या? शेतकरी पुडी हातात धरून विचारायचा, हिचं काय करू? आणि कय्यूम म्हणायचा, फेकून द्या, ते नेहमीचंच असते, त्याच्यानं काही फरक पडत नाही. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. सगळे तसंच म्हणत, म्हणून तोही म्हणत असे. कृषी केंद्राच्या पायऱ्यांवर जूनमध्ये त्या पुड्यांचा खच पडायचा आणि शेळ्या तो खायच्या.

दोन हजार सतराच्या नोव्हेंबरात उंद्रीचा उकंडराव कृषी केंद्रात आला. कय्यूमही उंद्रीचाच, एक गल्ली सोडून दोघांची घरं. उकंडरावानं धोतराच्या सोग्यातून वीसेक हिरवी बोंडं गल्ल्यावर ओतली, आणि एकेक बोंड अंगठ्यानं फोडून कय्यूमसमोर मांडत गेला. प्रत्येकात एक गुलाबी अळी. वीस बोंडं, वीस अळ्या. शेवटचं बोंड फोडून झाल्यावर तो एवढंच म्हणाला, "कय्यूम, तुनंच म्हनलं होतं चालंल." आणि निघून गेला.

त्या वर्षी अळी कुणाच्या वावरात नव्हती? साऱ्या जिल्ह्यात होती, विदर्भात होती. एकट्या कय्यूमच्या तोंडून निघालेल्या शब्दानं ती आली नव्हती आणि पुडी लावली असती तर एकट्या उकंडरावचं वावर वाचलं असतं असंही नाही. हे कय्यूमला कळत होतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर पायऱ्यांवरच्या पुड्या खाणाऱ्या शेळ्या येत राहिल्या. उकंडरावानं त्यानंतर त्याच्याशी बोलणं टाकलं. चिखलीला जाणाऱ्या काळीपिवळीत कय्यूम बसलेला दिसला की तो खाली उतरून मागची गाडी येईपर्यंत उभा राहायचा. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. माणूस शिवी झेलू शकतो, हे असं उतरून जाणं झेलता येत नाही.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. कय्यूमनं कृषी केंद्र सोडलं, मेव्हण्याकडून मोबाईल दुरुस्ती शिकला, दुकान टाकलं आणि पहिल्याच दिवशी ती पाटी लावली. ज्या गोणपाटाला त्यानं कोपऱ्यात ढकललं होतं तेच आता त्यानं पत्र्याच्या रूपात दुकानापुढं मांडलं. 'चालंल' हा शब्द तो आता आधी कधी उच्चारत नसे. आधी अर्धा तास पत्रा, मग शब्द.

आता अर्धा अर्धा तास गेम खेळायचा कुणी? कय्यूमला गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याचा खेळाडू गेममध्ये उतरला की भिंतीला तोंड लावून उभा राहायचा आणि कुणीतरी येऊन त्याला मारायचं. म्हणून हे काम त्याच्या मुलीकडं आलं. फलक तेव्हा नववीत होती. शाळा सुटली की दुकानात यायची, आणि पत्र्याजवळ स्टुलावर बसून, डोक्यावर ओढणी घेऊन, गिऱ्हाइकांचे नवे फोन खेळून बघायची. बहुतेक गिऱ्हाइकांची पोरं एकच गेम खेळायची, तो तिनं पाच वर्षांत शेकड्यानं फोनांवर खेळला. मैदानात शंभर जण उतरतात, शेवटी जो एकटा उरतो तो जिंकतो, असा तो गेम. बारावी होईपर्यंत ती शेवटपर्यंत एकटी उरायला लागली होती. पण तिचं खरं कसब वेगळंच होतं. ती फोन हातात घेऊन दोन मिनिटांत सांगायची, ह्याच्या डाव्या कोपऱ्यात बोट उशिरा लागते, किंवा ह्याच्यात आवाज पावलाच्या मागून येते, किंवा हा आत्ता बरा आहे पण वीस मिनिटांनी अडकणार. आणि तो अडकायचा. कय्यूम गिऱ्हाइकाकडं असा बघायचा की जणू ही पोरगी नाही, त्यानंच घडवलेलं यंत्र आहे. बापाचा अभिमान कुठून कसा बाहेर पडेल सांगता येत नाही.

घरात ते लोक दखनी उर्दू बोलत, दुकानात मात्र बापलेक दोघंही वऱ्हाडी. नसीमा, फलकची आई, म्हणायची की दुकानात गेल्यावर ही दोघं वेगळीच माणसं होतात.

फलक एकोणीस वर्षांची झाली त्या वर्षी एक स्पर्धा निघाली. पुण्याची एक गेम बनवणारी कंपनी ती भरवत होती. पहिल्या फेऱ्या ज्यानं त्यानं घरी आपल्या फोनवर खेळायच्या, शेवटचे चाळीस जण औरंगाबादला एका कॉलेजच्या हॉलमध्ये समोरासमोर. आणि पहिल्या तिघांना कंपनीत नोकरी. काम काय, तर नवा गेम बाजारात जायच्या आधी वेगवेगळ्या जातीच्या फोनांवर तो नीट चालतो की नाही हे खेळून बघायचं. फलकनं हे वाचून दाखवलं तेव्हा कय्यूमनं तिला ते दोनदा वाचायला लावलं. म्हणजे पत्राच की! पुण्यात, खुर्चीवर बसून, पगार घेऊन पत्रा! साऱ्या बुलढाणा जिल्ह्यात ह्या नोकरीसाठी जन्मलेलं एक माणूस असेल तर ते त्याच्या घरात भाकरी खात होतं.

फलक चाळिसात आली. नऊ हजार पोरांतून. कय्यूमनं ही बातमी चिखलीत कुणाला सांगायची ठेवली नाही. बाजूच्या ज्या दुकानदारानं त्याचं नाव गोणपाटवाला ठेवलं होतं, त्याला तर त्यानं आयुष्यात पहिल्यांदा चहा पाजला.

अंतिम फेरीला दोन आठवडे उरले असताना उकंडरावाच्या वावरातली कपाशी एकदम फुटली. बीटीचं असंच. फुटते तेव्हा सारी एकदम फुटते आणि वेचायला बाया मिळत नाहीत. उकंडरावाची बायको सत्यभामाबाई नसीमाकडं आली. तू तर येच, तुझी पोरगीही येऊ दे, दहाबारा दिवसांचं काम आहे, असं म्हणाली. नसीमा म्हणाली की फलकची स्पर्धा आहे. तिला नाही म्हणायचं होतं. पण कय्यूमनं हे ऐकलं आणि त्याच्या छातीवरची पाच वर्षांची धोंड हलली. त्या घरातून पाच वर्षांनी कुणीतरी त्याच्या उंबऱ्यावर आलं होतं. त्यानं नसीमाला आत बोलावून सांगितलं, जाऊ दे पोरीला, दहा दिवसांनी काय होतंय, संध्याकाळी खेळंल. फलकला कुणी विचारलं नाही. ती सकाळी ओढणीची ओटी बांधून आईबरोबर वावरात गेली.

कपाशी वेचणं दिसायला मऊ काम दिसतं. कापूस मऊच असतो, पण वाळलेल्या बोंडाच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी. चौथ्या दिवशी फलकच्या दहाही बोटांचे शेंडे फाटले आणि मग ती कातडी वाळून राठ झाली. संध्याकाळी ती खेळायला बसली तर पडद्याला बोट लागेना. दाबते तिथं उमटेना. कय्यूमनं फोन हातात घेतला, आतून एक सोय शोधून काढली, हातमोजे घातलेल्या माणसासाठी पडदा जास्त हळवा करायची. ती सुरू केली आणि बोट लागायला लागलं. तो खूश झाला. बघ, म्हणाला, प्रत्येक कुलपाची किल्ली असते. आणि तेवढ्यावर ती गोष्ट दोघंही विसरले.

स्पर्धेचे नियम व्हॉट्सअॅपवर आले होते. दहा नियम नेहमीचे. अकरावा, शेवटी, बारीक अक्षरात: अंतिम फेरी आयोजकांनी दिलेल्या फोनांवर, म्हणजे आयफोनवर, खेळली जाईल. अँड्रॉइडवरचं खातं आणि त्यातली आपली बटणांची मांडणी आयफोनवर हवी असेल तर दोन्ही फोन जवळ घेऊन ते खातं आधीच जोडून घ्यावं. हॉलमध्ये त्यासाठी वेळ मिळणार नाही.

कय्यूमच्या दुकानात आयफोन विकायला कधी नव्हता. आला तर एखादा दुरुस्तीला. योगायोग असा की त्याच आठवड्यात त्याच्या खणात एक पडला होता. अर्जुनराव नावाच्या एका ठेकेदाराचा, पडदा फुटलेला. कय्यूमनं पडदा बदलून चार दिवस झाले होते, अर्जुनराव न्यायला आला नव्हता. फलक वावरातून आल्यावर मुद्दाम काळीपिवळीत बसून दुकानात आली. तिनं खणाकडं बोट दाखवलं.

"अब्बा, ह्याच्यावर खातं जोडून एक डाव लावून पाहू का? पाच मिनिटं."

कय्यूमचा दुसरा एक नियम होता आणि त्याचाही त्याला भारी अभिमान होता. दुरुस्तीला आलेला फोन म्हणजे अमानत. त्यात लोकांच्या घरातले फोटो असतात, बोलणी असतात. त्याला पेचकस लागतो, आपलं बोट लागत नाही. चिखलीतल्या बाया त्याच्याकडं निर्धास्त फोन टाकून जात त्या ह्याच नियमामुळं. तेव्हा तो नाही म्हणाला. ती म्हणाली, मग अर्जुनरावला फोन करून विचारा. तो म्हणाला, एवढ्याशा कामासाठी मोठ्या माणसाला काय विचारायचं, बरं दिसत नाही. तिनं मोबाईल काढून अकरावा नियम त्याला पुन्हा वाचून दाखवला.

"ते नेहमीचंच असते," कय्यूम म्हणाला. "गेम तोच हाय न? मंग चालंल."

तो शब्द त्याच्या तोंडून कसा निघाला कुणास ठाऊक. पाच वर्षं पत्र्याआधी ज्याला दाताआड दाबून ठेवलं होतं तो नेमका आपल्या पोरीसमोर निसटला, आणि कय्यूमला ते कळलंसुद्धा नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दिव्याला स्वतःला तो कधी दिसत नाही. फलकनं पाटीकडं एकदा बघितलं, बापाकडं एकदा बघितलं आणि मोबाईल परत ठेवून दिला. मोठ्यांसमोर जास्त बोलायची तिला सवय नव्हती, हीही त्याच घरातली शिकवण.

औरंगाबादच्या हॉलमध्ये चाळीस टेबलं होती. पालक मागं बसले होते आणि पुढं मोठा पडदा होता. फलकला फोन मिळाला. खातं जोडलेलं नव्हतं म्हणून नवं कोरं खातं उघडावं लागलं. पाच वर्षांत तिनं बटणं आपल्या बोटांच्या अंदाजानं जिथं जिथं नेऊन ठेवली होती ती सारी मुळातल्या जागी. तेही तिनं निभावून नेलं असतं. शेकड्यानं फोन हाताळलेली पोरगी होती ती. पण खेळ सुरू झाला आणि तिनं बंदुकीचं बटण दाबलं, तर काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. पडद्यावर कय्यूमला तिचा खेळाडू दिसत होता, उघड्या मैदानात नुसता उभा. त्या फोनात हातमोज्यांची ती सोय नव्हती. राठ कातडीचं बोट त्याला बोटच वाटत नव्हतं.

तिनं ओढणीला बोटं पुसली. मग ते बघून कुणी हसलं का, कय्यूमला नक्की आठवत नाही. पहिल्या डावात ती चौथ्या मिनिटाला मेली, दुसऱ्यात सहाव्या. तिसऱ्या डावात तिनं लाज सोडली आणि प्रत्येक वेळी बोट जिभेला लावून ओलं करायला लागली. ओलं बोट लागत होतं. त्या डावात ती नववी आली, नव्या खात्यावर, परक्या मांडणीवर, थुंकी लावत लावत नववी. कय्यूमनं तेव्हा डोळे मिटून घेतले. ती वाईट खेळली असती तर त्याला सोसलं असतं. तिन्ही डाव मिळून तिचा नंबर सत्तावीस आला.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. हात मांडीवर उताणे टाकून ती बोटांचे शेंडे बघत होती. कय्यूमनं जालन्याला तिला संत्री घेऊन दिली. तिनं ती सोलून त्यालाच दिली, कारण संत्र्याचा रस चिरांत झोंबत होता.

घरी आल्यावर ती रडली नाही, भांडली नाही. उकंडरावाची उरलेली कपाशी दोन दिवस वेचली आणि मग पूर्वीसारखी दुकानात यायला लागली. कय्यूमला वाटलं, निवळलं. त्यानं दुसऱ्याच आठवड्यात एक जुना आयफोन कुठूनतरी मिळवला आणि पत्र्याजवळ ठेवून दिला, सरावाला असू दे म्हणून. बैल गेला आणि झोपा केला. फलकनं त्याच्यावरची धूळसुद्धा पुसली नाही.

तीन आठवड्यांनी अर्जुनराव आपला फोन न्यायला उगवला. दुसरा फोन घेतल्यामुळं ह्याची आठवणच राहिली नाही, म्हणाला. मग बोलता बोलता त्यानं स्पर्धेचं विचारलं, आणि कय्यूमनं, का कोण जाणे, खरं सांगून टाकलं. फोन खणात होता, पण अमानत म्हणून पोरीला दिला नाही. त्याला कदाचित वाटलं असेल की निदान हा माणूस तरी पाठ थोपटेल. अर्जुनराव कपाळाला हात लावून म्हणाला, अरे भल्या माणसा, त्यात पोराचे गेमच होते, पाच मिनिटांत तो झिजला असता काय? एक फोन करायचा होतास. आणि हसत हसत फोन खिशात टाकून गेला.

फलक पत्र्याजवळच्या स्टुलावर होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती उठून गल्ल्यापाशी आली. आवाज चढवला नाही.

"अब्बा, साऱ्या तालुक्याले तुमी अर्धा अर्धा घंटा लावून पाहू देता. मले पाच मिनिटं काऊन नाही देली?"

अमानत म्हणावं तर ती पाच मिनिटांपूर्वीच हसत खिशातून निघून गेली होती. कय्यूमनं पेचकस उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. उकंडरावानं वीस बोंडं फोडली तेव्हाही तो असाच हाताला काहीतरी चाळा शोधत होता.

आणि म्हणतात ना, नाव काढलं आणि हजर, तसा दोनच दिवसांनी उकंडराव दुकानात आला. पाच वर्षांत तो ही पायरी पहिल्यांदा चढत होता. कपाशी वेळेवर घरात आली होती, म्हणून मन थोडं सैल झालं असावं. नातवाला फोन घ्यायचा होता. तो कय्यूमशी थेट बोलला नाही, पण त्याला ऐकू जाईल असं म्हणाला की चिखलीत दुकानं लई आहेत, पण फोन पत्र्यावर लावून बघणारं हे एकच आहे असं लोक सांगतात, म्हणून इथं आलो. कय्यूमचे डोळे भरून आले. ह्या एका वाक्यासाठी त्यानं पाच वर्षं पत्रा तापवला होता. फोन काढून त्यानं फलकच्या हातात दिला, लाव म्हणाला.

फलकनं फोन घेतला. उन्हात ठेवलेल्या पत्र्याकडं ती गेली नाही. तिनं फोन खोक्यात घातला, झाकण लावलं आणि उकंडरावापुढं सरकवला.

"चालंल, काका. न्या."

उकंडराव खोक्याकडं बघत राहिला. मग त्यानं कय्यूमकडं बघितलं आणि वाट बघितली. कय्यूमनं तोंड उघडलं, पण पोरीला थांबवायचं तर कोणत्या तोंडानं?

"पोरगी तुहीच शोभते, कय्यूम," उकंडराव म्हणाला. पाच वर्षांनी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. खोकं गल्ल्यावर तसंच सोडून तो पायरी उतरला आणि बाजूच्या दुकानात गेला. तिथं त्याला चहा मिळाला.